२७. फिस्कचे हातवारे
संदर्भ १९७५ च्या बेसबॉल वर्ल्ड सीरिजमधील सहाव्या सामन्याचा. बोस्टनच्या फेनवे पार्कवर २१ ऑक्टोबरला सुरू झालेला हा सामना मध्यरात्र उलटली तरी चालला होता. १२व्या इनिंगमध्ये रेड सॉक्सच्या कार्लटन फिस्कने उंच टोला मारला आणि दोन्ही हात उजवीकडे हलवत तो जणू चेंडूलाच आत बोलावू लागला. नियम ठाऊक नसेल तर या धडपडीतली आर्तता कळणार नाही. क्रिकेटमध्ये फटका कोणत्याही दिशेला चालतो. बेसबॉलमध्ये तो होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेषांच्या आतच हवा. आत तो ‘फेअर’, बाहेर तो ‘फाउल’. खुद्द रेषा आणि तिच्या टोकाचा उंच खांब मात्र आतच धरतात. फिस्कचा चेंडू हवेतून थेट डावीकडच्या खांबावर आदळला, म्हणून होमरन. रेड सॉक्स ७-६ ने विजयी. चेंडू खांबाला लागला नसेल तेव्हा अंपायर चेंडू कुठे आहे एवढेच पाहतो, क्षेत्ररक्षकाचे पाय नव्हेत. बेसपलीकडे हवेतून गेलेला चेंडू प्रथम आत टेकला, की पुढे उसळून बाहेर गेला तरी फेअरच. सरपटणारा चेंडू बेस ओलांडताना आत असावा लागतो. बेसच्या अलीकडे तो रेषेबाहेर जाऊन, कुणाचा स्पर्श होण्याआधी आत परतून थांबला, तरी फेअर ठरतो. सातवा सामना आणि मालिका मात्र प्रतिस्पर्धी सिनसिनाटी रेड्सने जिंकली.