मामाचं मशीन शॉप आणि एका ॲशट्रेची गोष्ट

आज महाबळेश्वरातून बोलतोय. बाहेर पाऊस असा कोसळतोय की मागे पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

विषय मामाने दिलाय. साताऱ्याच्या एमआयडीसीत त्याचं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी लेथ आणि आता कर्ज काढून घेतलेलं एक व्हीएमसी, म्हणजे उभं मिलिंग मशीन. लेथचे प्रोग्रॅम तो कंट्रोलसमोर उभा राहून हातानेच टाकतो. पण व्हीएमसीवर साच्याचं काम आलं. त्यातले वळणदार पृष्ठभाग हाताने प्रोग्रॅम करायला बसलं तर हप्ता भरायची तारीख निघून जायची. मग फोन आला, "तू सॉफ्टवेअरवाला ना? कुठलं कॅम घेऊ, सांग."

आता आली का पंचाईत! मी लिहितो तो कोड धातू कापत नाही. म्हणून आधी कॅमचा इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात आपल्याच भागातून करू. किर्लोस्करवाडी १९१० ची. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर चित्रकला सोडली, यांत्रिक ड्रॉइंग धरलं आणि पुढे व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवलं. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि त्या माळावर कारखाना उभा राहिला. तेव्हा ड्रॉइंग कागदावर असायचं, पण ते पाहून हत्यार कुठून कुठे फिरवायचं हे कारागिराच्या डोक्यात असायचं. म्हणजे कॅम होतंच की, फक्त पगारावर होतं!

हे डोकं मशीनबाहेर काढायची धडपड अमेरिकेत झाली. जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामात होता. वक्र आकाराचे बिंदू तो पंचकार्डच्या यंत्रांवर काढून घ्यायचा. १९४९ मध्ये त्याला हवाई दलाचं कंत्राट मिळालं, त्यात एमआयटी आली आणि १९५२ मध्ये एमआयटीने पंच केलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं. मशीन तर चाललं. पण पट्टीवरचे आकडे काढणार कोण? हिशोब करता करता माणसं मेटाकुटीला यायची.

मग डग्लस रॉस आणि मंडळींनी एपीटी नावाची भाषा बनवली. ही रेषा, हे वर्तुळ, आता याच्या डावीकडून जा, असं सांगायचं. बाकीचा हिशोब कॉम्प्युटर करणार. १९५९ मध्ये पत्रकारांना बोलावून ती दाखवली, तेव्हा एपीटीवर कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे आठवण म्हणून वाटले होते. (आज कुणी ॲशट्रे वाटेल का, तो वेगळा एपिसोड.)

पण माझं लक्ष ॲशट्रेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर अडकलं. एपीटीने कामाचे दोन तुकडे केले होते. आधी हत्यार कुठून जाणार ते ठरवायचं, मशीन कुठलंही असो. मग पोस्ट-प्रोसेसर नावाचा वेगळा प्रोग्रॅम ते त्या विशिष्ट मशीनच्या बोलीत उतरवतो. मंडळी, आजही हेच चालू आहे! जी-कोड नावाला एकच, पण प्रत्येक कंट्रोलची बोली वेगळी. लेथवर आटे पाडायला फानुकमध्ये जी ७६ लागतं, सीमेन्समध्ये सायकल ९७. हायडेनहाइनची तर स्वतःची भाषाच आहे.

याची किंमत मामाने डेमोतच पाहिली. एक विक्रेता लॅपटॉप घेऊन आला. स्क्रीनवर सिम्युलेशन एकदम झकास. प्रोग्रॅम मशीनवर चढवला आणि हत्यार थेट व्हाइसच्या दिशेने खाली यायला लागलं. पोस्ट दुसऱ्याच कंट्रोलचं होतं. टूलच्या लांबीचा ऑफसेट लावणारी ओळ त्याने लिहिलीच नव्हती. मामाने सवयीने रॅपिड २५ टक्क्यांवर ठेवलं होतं, म्हणून बोट वेळेत फीड होल्डवर पडलं. नाहीतर स्पिंडल गेला असता, आणि हप्ते तर अजून सुरूच व्हायचेत.

दुसरी भानगड मालकीची. बर्मिंगहॅमची डेलकॅम, म्हणजे पॉवरमिलवाले, २०१४ मध्ये ऑटोडेस्ककडे गेली. १९८३ पासूनचं मास्टरकॅम २०२१ मध्ये सँडविकने घेतलं. २०२० मध्ये ऑटोडेस्कने फ्यूजनच्या फुकट पर्सनल लायसन्समधून रॅपिड चाल आणि आपोआप टूल बदलणं काढून टाकलं. ते लायसन्स धंद्यासाठी नव्हतंच, त्यामुळे मामाला फरक पडला नसता. पण भाड्याच्या घरात भिंत कोणाची असते, ते कळलं.

म्हणून मी मामाला नाव सुचवलंच नाही. मेनूतली बटणं मोजणंही बंद केलं. तिन्ही विक्रेत्यांना आम्ही एकच जॉब दिला आणि दोन गोष्टी मागितल्या : आमच्या मशीनवर, आमच्या कंट्रोलसाठी पोस्ट करून आधी हवेत चालवून दाखवा, आणि पोस्टची फाइल आम्हाला उघडता, बदलता येईल अशी द्या. दोघे हो म्हणाले. तिसरा म्हणाला, "पोस्ट लॉक असतं, बदल हवा तर दर वेळी चार्ज पडेल." मामाने त्याला चहा पाजून निरोप दिला.

उरलेल्या दोघांपैकी पहिला मंगळवारी येतोय. मीही पसरणी घाट उतरून जाणार आहे. मामाने सांगितलंय, व्हाइस काढून ठेवतो.