सुई कोणाच्या हाती? गावातील आरोग्यसेविकेचा इतिहास

स्वातंत्र्यापूर्वी भारतातील बहुसंख्य डॉक्टर पदवीधर नव्हते. अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले ते 'लायसेन्शिएट' होते. १९४६ च्या अहवालात भोर समितीने ही पायरी रद्द करून सर्वत्र एकाच दर्जाचा डॉक्टर घडवावा, असे सुचवले. खेड्याला दुय्यम सेवा मिळू नये हा हेतू उदात्तच होता. मात्र काही सदस्यांनी तेव्हाच असहमती नोंदवली होती, आणि पुढील अनुभवाने त्यांची शंका खरी ठरवली: नवे पदवीधर शहरांतच राहिले.

ही पोकळी भरण्यासाठी २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने गावोगावी आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू केली. हजार लोकसंख्येमागे एक सेवक, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, दरमहा ५० रुपये मानधन. निवड झाली ती प्रामुख्याने पुरुषांची! बाळंतिणीच्या खोलीत ज्याला प्रवेशच नाही, त्याने माता-बालकांचे आरोग्य कसे सांभाळावे? पुढे सेवकाचा 'स्वयंसेवक' झाला, मग 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक'. योजना खंगत गेली, नावे तेवढी बदलत राहिली.

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर मिळाले ते गडचिरोलीत. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, हे सारे त्या बाळाच्या घरीच करीत. तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. वैद्यकीय विश्वाला खरा धक्का बसला तो सुईचा. आठवी-दहावीपर्यंत शिकलेली स्त्री प्रतिजैविक टोचते, हे अनेकांच्या पचनी पडणे कठीण होते.

२००२ मध्ये छत्तीसगडने 'मितानिन' योजना आरंभली. त्या प्रदेशात मैत्रीचे नाते विधिपूर्वक जोडतात. त्यातील मैत्रीण म्हणजे मितानिन. गावाऐवजी पाडा हे एकक धरले आणि केवळ स्त्रियाच निवडल्या. १९७७ च्या चुकीची याहून चांगली दुरुस्ती क्वचितच झाली असेल. या अनुभवांतूनच २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आली, आणि २०११ पासून नवजात बाळाच्या गृहभेटीही तिच्याकडे सोपवल्या गेल्या.

सुई मात्र तिच्या हाती आली नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी जेंटामायसिन देण्याची मुभा एएनएमला दिली. आशा तोंडावाटे औषध देऊन बाळाला पुढे पाठवते. नजीक रुग्णालय असेल तेथे हे योग्यच. पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या पाड्यावर ती मधली वेळ बाळाच्या जिवावर बेतू शकते.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. सरकारदरबारी त्यांची नोंद आजही 'स्वयंसेविका' अशीच आहे.