माळवदावरची माती

स्मरणिकेसाठी गावाच्या इतिहासावर काही लिहून द्या, असे अध्यक्षबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. निजामाची राजवट, १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस ॲक्शन, १९५६ साली मराठवाड्याचे मुंबई राज्यात येणे, १९६० साली महाराष्ट्र होणे, हे सारे मुलांच्या पुस्तकात आहेच. आपल्याच जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची जुनी मंदिरे पाहायला लोक लांबून येतात. त्यांविषयी मी नवे काय लिहिणार? तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्हांला जे माहीत आहे तेच लिहा." मला माहीत आहे ते घर. म्हणून आपल्या बोरीच्या जुन्या घरांविषयी, त्यांच्या डागडुजीविषयी, आणि ती करताना आम्ही बायका आभाळाकडे पाहून जे बोलत आलो त्याविषयी लिहिते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

नव्या मुलींनी माळवद पाहिले असेल, पण ते वर चढून पाहिले नसेल. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा किलचन, मग पाल्याकाटक्यांचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचे सपाट धाबे. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणायचे. सोयरिकीला आलेले पाहुणे घर किती मोठे असे विचारीत नसत, किती खणांचे असे विचारीत. उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी मध्ये साणे ठेवीत, आणि पाणी जाण्यासाठी कडेला पन्हाळ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे घर आत गार राही. दिवसा माळवदावर कुरडया, पापड, सांडगे वाळत आणि रात्री तेथेच अंथरुणे पडत.

आपली शेतातली काळी माती या कामाला चालत नाही. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने तिला भेगा पडतात. भेग पडली की पाणी सरळ घरात. म्हणून माती लागे ती पांढरी, गावठाणातली, जुन्या पडक्या वाड्यांची किंवा गढीची. शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात ते यामुळेच. एक घर पडले की त्याची माती दुसऱ्या घराच्या डोक्यावर जाई. अशा रीतीने गावच्या गाव वर्षानुवर्षे त्याच मातीत राहत आले.

माझे लग्न १९९९ सालच्या वैशाखात झाले. माहेरचे घर पत्र्याचे, त्यामुळे माळवदाचे काम मला ठाऊक नव्हते. जूनच्या सातआठ तारखेला मृग लागतो. त्याआधीच सासूबाईंनी मला शिडीवरून वर नेले. गेल्या पावसात उगवलेले गवत मुळासकट उपटायचे, उंदराघुशींची भोके शोधून बुजवायची, भेगांत भुसा घातलेला चिखल भरायचा, पन्हाळीकडे उतार आहे की नाही हे तांब्याभर पाणी ओतून पाहायचे आणि मग सगळे चोपून काढायचे. पन्हाळीत चिमणीचे घरटे असले तर पहिल्याच पावसात माळवदावर तळे साचते, हे मी त्या दिवशी शिकले.

माळवदे एकाला एक लागून होती, म्हणून एका घरची बाई वर आली की शेजारची बोलायला येई. ते बोलणे मला अजून आठवते.

"काय वं, मिरग कोरडाच जातो का काय?"

"कोरडा कामून जाईल? मुंग्यांनी सकाळीच अंडी हलवली. उद्यापरवा येईल बघ."

"मग तुमच्याकडचं फुटकं मडकं द्या गं माय, साण्यावर पालथं घालते. मागच्या साली चुलीत पाणी आलतं."

बाहेरच्या माणसाला या नुसत्या गप्पा वाटतील. पण त्यात पावसाचा अंदाज होता, घराची तपासणी होती आणि मदतीची मागणीही होती. कोणाच्या कोणत्या खणात गळते, कोणाची तुळई वाळवीने पोखरली आहे, कोणाच्या घरी वर चढणारे माणूस उरले नाही, हे सारे या बोलण्यातून गल्लीला कळे. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासवांचा आणि पूर्वांचा सुनांचा. पूर्वांत जोराची सर आली की शेजारीण हसून म्हणे, "सुनेनं आज घर डोक्यावर घेतलं." पंचांगातले नक्षत्राचे वाहनही कोणी वाचून सांगे. बेडूक किंवा म्हैस निघाली की सगळ्याजणींना धीर येई.

सरकारी हवामानखाते १८७५ साली सुरू झाले आणि १९२८ साली त्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यात शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक सिमला ऑफिस म्हणत आले आहेत. आपल्याकडे परभणीच्या आकाशवाणीवरून अंदाज ऐकू येई. परभणीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झाले, तेथूनही शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला मिळतो. आता तर वीज पडण्याची सूचना देणारे 'दामिनी' मुलांच्या मोबाईलवर असते, आणि ते फार उपयोगी आहे. मात्र "तुरळक ठिकाणी पाऊस" असे सांगितले तरी आपल्या घरी तो कोठून गळेल हे कोणी सांगत नाही. ते आपल्यालाच वर चढून पाहावे लागते.

आता मुख्य गोष्ट सांगते. सासूबाईंचा एक नियम होता. नवी माती टाकायची तर आधी तेवढी जुनी उतरवायची. मला ते व्यर्थ वाटे. गळते तेथे एक पाटी माती टाकली की काम भागते. उतरवायची म्हणजे दिवस जातो आणि कंबर मोडते. बहुतेक घरी असेच होई. दरवर्षी एक थर, गळाले की आणखी एक. पूर्वी आमच्याही घरी तेच होत आले होते. सासूबाईंनी नियम केला तो १९९३ नंतर.

त्या साली मी सातवीत होते. अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन झाले आणि ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. बहुतेक झोपेतच. घरे आपल्यासारखीच होती. दगड मातीत रचलेल्या जाड भिंती, त्यांत दगडाला दगडाची पकड नाही, आणि वर पिढ्यान्पिढ्या साठलेली माती. पुढे तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा कित्येक घरांवर हातभर आणि त्याहूनही जाड थर आढळला. जेथे मजबूत लाकडी खणांनी भार पेलला तेथे भिंती पडूनही वरचे छत काही ठिकाणी उभे राहिले. पावसापासून वाचण्यासाठी ज्या मातीवर विसंबलो तिच्याच ओझ्याखाली घरेच्या घरे गेली.

ही बातमी ऐकून सासूबाई माळवदावर गेल्या आणि कोपऱ्यात पहार घालून त्यांनी थर मोजला, असे त्या सांगतात. २००८ साली आम्ही मागचा खण उतरवला तेव्हा मीही तो पाहिला. पांढऱ्या मातीचा थर, मग भुशाचा पिवळा पट्टा, मग पुन्हा पांढरा, मध्येच राखेचा काळा. कोपरापासून बोटांपर्यंत माझा हात आत गेला. एवढ्या मातीखाली आम्ही मुलांना निजवत होतो!

किल्लारीनंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. पण आणखी पुष्कळ गावांत घरे दुरुस्त करून भक्कम करायची होती. त्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील बाया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. ज्या बायांना पूर्वी पाटी उचलण्यापलीकडे कोणी विचारीत नसे, त्यांनी सरकारी योजना समजावून घेतली, घरोघर जाऊन सांगितली आणि गवंड्याचे काम तपासले. धाब्यावरची माती कमी झाली का, भिंतीच्या आतल्या बाहेरच्या अंगाला धरून ठेवणारे आडवे दुवे बसले का, खांबतुळईला तिरकस आधार दिला का, हे त्या पाहत. आपल्यासारख्याच मंडळांनी हे केले, याचा मला अभिमान वाटतो. आपल्या भागाच्या इतिहासात हे पान मोठ्या अक्षरांत असायला हवे.

आमच्या गल्लीत पुढे हळूहळू माळवदे गेली आणि पत्रे आले. पत्रा हलका, काम लवकर होते. उन्हाळ्यात तापतो, पावसात बोलू देत नाही. २०१४ च्या गारपिटीत तर डोक्यावर कोणी दगडांची पाटी उपडी करीत आहे असे वाटले. हुकाखालचे रबरी वायसर झिजले की तेथून ठिबकते. मग डांबर लावा, नाहीतर प्लॅस्टिकचा तुकडा कोंबा. आणि वैशाखातल्या वावटळीने पत्रा उडू नये म्हणून सोपा उपाय म्हणजे वर चार दगड ठेवायचे. आम्हीही ठेवले. दरवर्षी एखादा वाढलाच.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहाबारा मिनिटांत आणखी एक लहान. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतही तो जाणवला. मी चहाला आधण ठेवले होते. फळीवरची भांडी वाजली. आम्ही सगळे अंगणात आलो. नांदेडच्या प्रशासनाने त्या दिवशी लोकांना सांगितले की पत्र्यांवर आधाराला ठेवलेले मोठे दगड काढून घ्या. ती बातमी मुलाने वाचून दाखवली, तेव्हा अंगणात बाजेवर बसलेल्या सासूबाईंनी वर पाहिले. म्हणाल्या, "माती गेली आन् दगूड आला. डोक्यावरचं वझं काही गेलं न्हाई."

मी काही बोलू शकले नाही. ज्या चुकीबद्दल मी मागच्या पिढीला नावे ठेवीत होते तीच मी पंधरा वर्षे करीत होते. कारणही तेच. वर टाकणे सोपे, उतरवणे कष्टाचे. त्या आठवड्यात आमच्या घरच्यांनी आणि मुलाने चौदा दगड खाली घेतले. त्यातला सर्वांत मोठा सासूबाईंच्या बाजेच्या बरोबर वर होता. मग पाईपाला नवे हूक आवळून पत्रा घट्ट केला. खर्च झाला, पण फार नाही. जुलैच्या दहा तारखेला सकाळी पुन्हा तेवढाच धक्का बसला, तेव्हा आम्ही बाहेर आलो खरे, पण पत्र्याकडे पाहून जीव घाबरला नाही.

आता शेजारणी माळवदावर भेटत नाहीत. आभाळाची बातमी मोबाईलवर येते आणि गळतीची गोष्ट ज्याच्या त्याच्या घरात राहते. त्यामुळे कोणाच्या डोक्यावर काय आहे हे गल्लीला कळत नाही. म्हणून मंडळापुढे माझी एक विनंती आहे. दरवर्षी मृगाच्या आधी एक दिवस ठरवून आपण दोघीदोघींनी गल्लीगल्लीतून फिरावे. पत्र्यावर दगड कोठे आहेत, जुन्या माळवदावर थर किती चढला आहे, तुळई कोठे पोखरली आहे हे पाहावे. ज्या घरी एकटी म्हातारी किंवा विधवा भगिनी आहे तेथे मंडळाने चार हूक आणि दोन माणसांची मजुरी द्यावी. हळदीकुंकवाच्या वाणात एका वर्षी भांड्याऐवजी हूक आणि वायसर दिले तरी कोणी नाराज होणार नाही.

असो. लिहिण्यात काही चुकले असल्यास क्षमा असावी. माझ्या गल्लीत पहिल्या फेरीला मी येते. शिडी आमच्या घरी आहे.