सूर कागदावर उतरवणारा वादक : अँगस मॅके

१/ २१ मार्च १८५९. स्कॉटलंडमधील डम्फ्रीजच्या मनोरुग्णालयातून पंचेचाळीस वर्षांचा एक रुग्ण निसटला आणि निथ नदीत बुडून मरण पावला. हा मनुष्य एकेकाळी राणी व्हिक्टोरियाचा पहिला बॅगपाइपवादक होता. स्कॉटिश बॅगपाइपच्या अभिजात संगीताचा फार मोठा भाग आज उपलब्ध आहे, तो त्याच्या लेखणीमुळे. ही अँगस मॅके यांची कहाणी. #थ्रेड

२/ प्रथम वाद्य समजून घेऊ. काखेत दाबलेल्या पिशवीतील हवा अखंड वाहते. तीन नळ्या तंबोऱ्यासारखा एकच आधारस्वर धरून ठेवतात. ज्या नळीवर बोटे चालतात, तिच्यात स्वर अवघे नऊ. सूर लहान-मोठा करता येत नाही, मध्ये क्षणभर थांबताही येत नाही. त्यामुळे आघात दाखवण्याचा मार्ग एकच : कणस्वर.

३/ या मर्यादांतून स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशात ‘पिब्रॉख’ हा प्रकार घडला. आरंभी संथ मूळ धून. तिला गेलिक भाषेत ‘उर्लार’, म्हणजे जमीन म्हणतात. मग तिचे उत्तरोत्तर गुंतागुंतीचे विस्तार आणि शेवटी पुन्हा जमिनीवर परतणे. विषय गंभीर : वीरांचा शोक, सरदारांना वंदन, रणाचे आवाहन.

४/ हे शिकवीत कसे? गाऊन. तबल्याचे जसे बोल, तशी पाइपवादकांची अक्षरभाषा होती. तिचे नाव ‘कॅन्टरख’. स्थूलमानाने स्वराक्षरांनी मुख्य सूर आणि व्यंजनांनी कणस्वर दर्शविले जात. गुरू गाई, शिष्य ऐके, पाठ करी. ग्रंथ म्हणजे गुरूचा कंठ.

५/ या विद्येला आश्रय होता कुळांच्या सरदारांचा. स्काय बेटावरील मॅक्रिमन घराणे मॅक्लाउड सरदारांचे वंशपरंपरागत वादक. बोररेग येथील त्यांची शाळा विख्यात होती. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत जॅकोबाइट बंडाचा मोड झाला, सरदारांची सत्ता खचली आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात ती शाळाही बंद पडली.

६/ विद्या लुप्त होईल, ही चिंता एका तरुणाला आधीच लागली होती. जोसेफ मॅक्डोनल्ड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी १७६० मध्ये हिंदुस्थानाकडे निघाला, तेव्हा तो या संगीताचे शास्त्र लिहून काढत होता. १७६३ मध्ये ऐन तारुण्यात तो येथेच वारला. त्याचे हस्तलिखित पुढे बंगालमध्ये सापडले आणि १८०३ मध्ये छापले गेले.

७/ परंपरेचा दुसरा धागा होता रासे या चिमुकल्या बेटावर. जॉन मॅके हा तेथला अनाथ मुलगा. मॅल्कम मॅक्लाउड यांनी त्याला जवळ केले, वादन शिकवले आणि मॅक्रिमन गुरूंकडेही पाठवले, असे परंपरा सांगते. पुढे तो स्वतः थोर गुरू झाला. १८१३ मध्ये जन्मलेले अँगस हे त्याचे पुत्र आणि शिष्य.

८/ अँगस यांच्यापाशी दोन विद्या होत्या : वडिलांकडून कानांनी मिळवलेली आणि पाश्चात्त्य स्वरलिपीची. १८३५ मध्ये त्यांनी एडिंबरोच्या स्पर्धेत सर्वोच्च पारितोषिक जिंकले. १८३८ मध्ये, पंचविशीही पूर्ण झाली नसताना, ६१ पिब्रॉखांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांच्या हस्तलिखितांत तर अशा जवळपास तिप्पट रचना आहेत.

९/ १८४२ मध्ये व्हिक्टोरिया हायलँड्समध्ये आली. टेमथ वाड्यातील पाहुणचारात बॅगपाइपने तिला मोहून टाकले. पुढच्याच वर्षी तिने आपला स्वतंत्र वादक नेमला : अँगस मॅके. ते पद ब्रिटिश राजघराण्यात आजही आहे.

१०/ १८५४ मध्ये त्यांचे मन ढळले. राणीशी आपला विवाह झाला आहे, या भ्रमाने त्यांना ग्रासले. आधी लंडनचे बेथलेम रुग्णालय, मग १८५६ पासून डम्फ्रीज. नदीने त्यांचा देहही परत दिला नाही.

११/ ग्रंथाने काय साधले? आश्रयदाते संपले, तरी रचना वाचल्या. आणि काय हरवले? एकाच रचनेचे गुरुपरत्वे निराळे पाठ असत. छपाईने त्यांतील एक प्रमाण ठरला. पुढे स्पर्धांत छापील पाठाचेच वजन वाढले. शिवाय सूर किती लांबवावा, श्वास कुठे घ्यावासा वाटावा, हे पाच रेषांत मावत नाही. भातखंड्यांच्या स्वरलिपीवर घराणेदार गवयांनी घेतलेला आक्षेप आठवतो ना? प्रश्न तोच.

१२/ परंतु कंठाची परंपरा तुटली नाही. जॉन मॅके यांचा शिष्य डोनाल्ड कॅमरन, त्याचा पुत्र कॉलिन, आणि कॉलिनकडे शिकलेले इनव्हर्नेसचे जॉन मॅक्डोनल्ड (१८६५–१९५३). हे मॅक्डोनल्ड विसाव्या शतकातही पिब्रॉख गाऊनच शिकवीत.

१३/ आजचा विद्यार्थी मॅके यांचे पान समोर ठेवतो आणि गुरूच्या तोंडून ती धून ऐकतो. पान नसते तर अनेक रचना उरल्याच नसत्या. कंठ नसता तर त्या उरूनही मुक्या राहिल्या असत्या. अँगस हे दोन्हींचे वारस होते. त्यांचे मोठेपण ‘राणीचा वादक’ या बिरुदाहून फार मोठे आहे.