यमकांची बोली आणि लंडनचा मीट-पाय

राजधान्यांचा इतिहास बहुधा राजवाड्यांच्या अंगाने लिहिला जातो. त्या शहरातील फेरीवाल्यांनी काय खाल्ले आणि ते आपसांत काय बोलले, याची नोंद ठेवण्यास सहसा कोणी बसत नाही. लंडन शहर या बाबतीत भाग्यवान म्हटले पाहिजे. हेन्री मेह्यू याने १८५१ च्या सुमारास तेथील श्रमिकांच्या जीवनाचे विस्तृत वर्णन केले. जॉन कॅम्डन हॉटन याने १८५९ साली रस्त्यावरील बोलीचा कोश छापला.

या कोशात यमकांच्या बोलीची स्वतंत्र यादी आहे. तिची रीत मोठी गमतीची. 'स्टेअर्स' म्हणजे जिना. त्याऐवजी म्हणावयाचे 'ॲपल्स अँड पेअर्स'. 'आइज' म्हणजे डोळे. त्यांना नाव 'मिन्स पाइज'. पुढे तर ज्या शब्दाने यमक जुळे तोच गाळण्याची प्रथा पडली. 'लुक'साठी 'बुचर्स हुक', आणि त्यातून उरले नुसते 'बुचर्स'! परक्याने यातून काय अर्थ काढावा?

ही चोरांची गुप्त भाषा, असा समज फार दिवस रूढ आहे. हॉटनची साक्ष निराळी आहे. त्याच्या मते ही बोली सेव्हन डायल्स भागातील गाणी गाऊन व बतावणी करून छापील कवने विकणाऱ्यांची असून, ती त्याच्या कोशापूर्वी बारा-पंधरा वर्षांत प्रचारात आली. याच भागात जेम्स कॅटनाक याचा स्वस्त कवनांचा छापखाना होता, हे ध्यानात घेतले की ही साक्ष पटते. ज्यांचे पोटच यमकावर चाले, त्यांना यमकात बोलणे अवघड नव्हते. शिवाय जिना, डोळे, केस असल्या घरगुती शब्दांत चोराने लपवावे असे काय आहे? चोरांनी ती बोली पुढे उचललीही असेल. परंतु गरिबाच्या बोलण्यावर प्रथम गुन्ह्याचा शिक्का मारावा, ही सभ्य समाजाची जुनीच खोड आहे.

त्याच रस्त्यावर मीट-पाय विकला जाई. मांस भरून भाजलेली ही करंजीची थोरली बहीण. मध्ययुगात तिच्या जाड कवचाला 'कॉफिन', म्हणजे पेटी, म्हणत. तेच भांडे व तेच झाकण. चौदाव्या शतकात विल्यम लँगलंडच्या काव्यातही गरम पाय विकणाऱ्यांची आरोळी आहे. मेह्यूच्या काळी फेरीवाला गोमांस, मटण किंवा ईल मासा भरलेला पाय एका पेनीला देई. गिऱ्हाईक नाणे उडवी. फेरीवाल्याने ओळखले तर पेनी त्याची, चुकले तर पाय फुकट. पेनीत मोठा पाय देणारी दुकाने निघाली आणि हा फिरता धंदा बसत चालला. पुढे या दुकानांत पायबरोबर कुस्करलेले बटाटे व पार्स्लीचे हिरवे कालवण मिळू लागले. टॉवर ब्रिज रोडवरील असे एक नामांकित दुकान १९०२ साली मिकेले मांझे याच्याकडे आले. तो मूळचा इटलीतील राव्हेलोचा! ज्या अन्नाला लंडनकर अस्सल आपले म्हणतात, ते एका परदेशी कुटुंबाने जतन केले.

शब्दांचेही तसेच. हिंदुस्थानातून परतलेल्या गोऱ्या शिपायांनी 'देखो'चे 'डेको' केले. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत जहाजाची वाट पाहत कंटाळलेल्यांसाठी 'दूलाली टॅप' हा प्रयोग रूढ झाला. त्यातील 'टॅप' म्हणजे आपला ताप. आज इंग्रजीत 'दूलाली' म्हणजे डोके फिरलेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लंडनची कितीतरी कुटुंबे एसेक्समध्ये गेली; त्यांच्यामागून पायची दुकाने आणि बोलीही गेली. बोली गावाच्या वेशीला बांधलेली नसते. ती बोलणाऱ्यांच्या चुलीबरोबर चालते. प्रांताबाहेर संसार थाटलेल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.