पिंजऱ्यातील पोपटांची भांडणे : कारणे आणि उपाय

नाशिक : पोपट हा थव्याने राहणारा पक्षी. त्यामुळे एकाऐवजी चार आणले की ते गुण्यागोविंदाने नांदतील, असा पाळणाऱ्यांचा समज असतो. मात्र काही दिवसांतच पिंजऱ्यात पिसे विखुरतात, एखाद्याच्या पायाचे बोट रक्ताळते आणि दुबळा पक्षी उपाशी राहून कोपऱ्यात बसतो. हे वैर म्हणजे स्वभावदोष नव्हे. बहुतेक वेळा तो जागेच्या वाटणीचा प्रश्न असतो.

गोदाकाठी व निफाडच्या शेतशिवारात दिसणारे गुलाबी कंठाचे पोपट एकत्र चरतात. पण विणीच्या काळात जोडी आपल्या ढोलीपाशी दुसऱ्याला फिरकू देत नाही. हरलेला पक्षी उडून जातो आणि भांडण मिटते. पिंजऱ्यात पळून जायला वाटच नसते, म्हणून तेच भांडण जिवावर बेतते.

पाळण्यापूर्वी कायदा पाहा

हा देशी पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बजरीगर, कॉकाटील व गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड हे विदेशी पक्षी ‘सायटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत नाहीत. यादीतील फिशर लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे आदी पक्ष्यांची नोंदणी मात्र २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते.

नावाचा घोटाळा

बाजारात बजरीगरलाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हटले जाते. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा, सडपातळ व लांब शेपटीचा. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा, आखूड शेपटीचा व दणकट चोचीचा. लव्हबर्डचे प्रेम आपल्या जोडीदारापुरतेच असते. नाव एकच म्हणून दोघांना एका पिंजऱ्यात सोडल्यास बजरीगरची बोटे तुटू शकतात, प्रसंगी तो दगावतो. कॉकाटील आकाराने मोठा असला तरी स्वभावाने मवाळ. त्यालाही लव्हबर्डपासून दूर ठेवावे.

वादाचे मूळ : मडके आणि वाटी

पिंजऱ्यात टांगलेले मातीचे मडके म्हणजे पक्ष्यांच्या दृष्टीने ढोली. बजरीगरच्या माद्या मडक्यासाठी एकमेकींचा जीवही घेतात. पिल्ले नको असतील तर मडके काढून टाकावे. हवी असतील तर एका जोडीला एक पिंजरा द्यावा. प्रौढ बजरीगरच्या चोचीवरील भाग नरात निळा, तर मादीत तपकिरी असतो. त्यावरून माद्यांची संख्या नरांपेक्षा अधिक होणार नाही, हे पाहता येते.

दाणा-पाण्याच्या वाट्या पक्ष्यांच्या संख्येपेक्षा एखादी जास्तच असाव्यात व परस्परांपासून दूर ठेवाव्यात. सर्वांत उंच दांडीवरून हमखास तंटा होतो. म्हणून वरच्या दांड्या सारख्याच उंचीवर बसवाव्यात. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा घ्यावा. नाशिकच्या थंडीत पिंजरे घरात घेताना जागेअभावी दोन पिंजऱ्यांतील पक्षी एकत्र कोंबू नयेत.

नवा पाहुणा आणताना

नवा पक्षी किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा. आजाराची लागण त्यामुळे टळते. त्यानंतर दोन पिंजरे काही दिवस शेजारी, पण एकमेकांच्या चोची पोहोचणार नाहीत इतक्या अंतरावर ठेवावेत. पहिली भेट पिंजऱ्याबाहेर, दारे-खिडक्या व पंखा बंद करून, देखरेखीखाली घडवावी. दाणा व लाड आधी जुन्या पक्ष्याच्या वाट्याला यावेत.

भांडण जुंपल्यास

चोच उघडून धावून जाणे, पाठलाग करणे, वाटीवर ठाण मांडणे ही पूर्वसूचना समजावी. झुंज सुरू झाल्यास हात मध्ये घालू नये. टॉवेल टाकून पक्षी वेगळे करावेत. ओरडणे वा मारणे व्यर्थ. त्याने पक्षी फक्त माणसाला घाबरू लागतो. नखातून रक्त येत असल्यास कॉर्नफ्लोअर दाबून धरावे व तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे. एवढ्या लहान पक्ष्यात रक्ताचे काही थेंबही मोलाचे असतात.

एवढे करूनही काही पक्ष्यांचे जमत नाही. अशा वेळी त्यांना कायमचे दोन पिंजऱ्यांत ठेवणे ही हार नव्हे. एकमेकांचा आवाज ऐकत, पण आपापल्या दांडीवर निर्धास्त बसलेले दोन पोपट हेच चांगल्या सांभाळाचे लक्षण होय.