चमत्कार आणि संसार : दामले–फत्तेलाल यांचे संतपट

कार्ल ड्रेयर या डॅनिश दिग्दर्शकाच्या ‘ओर्देत’मध्ये (१९५५) मृत स्त्री पुन्हा जिवंत होते. त्यापूर्वी घरातील नित्यव्यवहार इतक्या संथपणे उभा राहिलेला असतो, की चमत्कारही त्या घराचाच वाटतो. अद्भुत आणि प्रपंच यांचा हा संबंध प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) अधिक द्वंद्वात्मक रूपात आढळतो.

विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे दोघेही बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. त्यांच्या चित्रपटात विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम अभंगात रमतो, तर गौरींची आवली आजारी मुलासाठी विठोबावर वहाण उगारते. अखेरीस विमान तुकोबांना वैकुंठास नेते; आवली भूमीवरच उरते. श्रद्धेचे मोल येथे भुकेच्या कसोटीवर ठरते.

‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) वेद म्हणणारा रेडा व चालणारी भिंत यांमागील तंत्र सफाईदार आहे, परंतु देवाला जाब विचारणारी आवली तेथे नाही. त्यामुळे चमत्कार दिपवतो, पण तो कोणाच्या संसाराला पारखावा लागत नाही. दामले–फत्तेलाल शैलीचे सामर्थ्य, म्हणूनच, विमानापेक्षा चुलीपाशी शोधावे लागते.